फाउंटनमध्ये मराठी पटकथा : काही महिन्यांच्या वापरानंतर

वर्गणीवर चालणाऱ्या एका पटकथा-सॉफ्टवेअरची मुदत संपली आणि मी पुढच्या वर्षाचे पैसे भरले नाहीत. त्यानंतर माझाच ड्राफ्ट मला नुसता वाचता येत होता. त्यातला एक काना-मात्राही बदलता येईना, आणि एक्स्पोर्टमध्ये पीडीएफ सोडून सगळे पर्याय बंद. स्वतः लिहिलेल्या संवादांचं दरसाल भाडं भरणं मला मान्य नाही. तेव्हापासून सगळं काम फाउंटनमध्ये, म्हणजे साध्या टेक्स्टमध्ये पटकथा लिहायच्या पद्धतीत, चालू आहे, त्याचा हा अनुभव.

पीडीएफमधून मजकूर परत काढायच्या भानगडीत मराठीत लिहिणाऱ्यांनी पडूच नये. पीडीएफ अक्षरांचे आकार जपते, तेही कागदावर दिसतात त्या क्रमाने. पहिली वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी, साठवायची असते नंतर. त्यामुळे 'किती' बाहेर येताना वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि जोडाक्षरं फुटतात. इंग्रजी पटकथेचं पीडीएफ बऱ्यापैकी परत येतं, आपलं येत नाही.

सुटका झाली ती सहलेखिकेच्या खात्यामुळे. तिची वर्गणी चालू होती, तिने एफडीएक्स प्रकारची फाइल काढून दिली. फायनल ड्राफ्ट या पटकथा-सॉफ्टवेअरने २००९ साली आठव्या आवृत्तीत आणलेला हा प्रकार आतून साधा एक्सएमएल, म्हणजे खुणा लावलेला मजकूर, आहे. प्रत्येक परिच्छेदावर लिहिलेलं असतं : हे सीन हेडिंग (सीन कुठे घडतो ती ओळ), हे पात्र, हा संवाद. नोटपॅडमध्ये उघडली तरी वाचता येते. तिथून सगळं फाउंटनमध्ये आणलं.

पहिले काही आठवडे मी भेटेल त्याला फाउंटनची शिफारस करत होतो. पटकथाकार जॉन ऑगस्ट आणि चित्रपटकार स्टू माश्विट्झ यांनी २०१२ मध्ये मांडलेली ही पद्धत म्हणजे निव्वळ टेक्स्ट. पैसे नाहीत, खातं नाही. पूर्ण लांबीचा सिनेमा काहीशे केबीत मावतो, लोकलमध्ये फोनवर उघडतो आणि कुठल्याही एडिटरमध्ये दुरुस्त होतो. त्या वेळी लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते.

मग दिग्दर्शकाच्या टीमसाठी फाउंटनमधून पुन्हा एफडीएक्स काढली, आणि निम्म्या सीनमध्ये वर्णनाच्या जागी पात्रं उगवलेली दिसली.

कारण मुळात आहे. फाउंटन परिच्छेदाचा प्रकार लिहून ठेवत नाही, तो ओळखतो. वर रिकामी ओळ, खाली मजकूर आणि मधली ओळ पूर्ण कॅपिटलमध्ये असली, तर ते पात्राचं नाव. देवनागरीत कॅपिटलच नाहीत. हे सांगितलं की लोक 'बरं मग?' म्हणतात, म्हणून नमुनाच देतो :

आई कंदील घेऊन येते.
दारावर थाप पडते.

आई
कोण आहे?

काही प्रोग्रॅम ओळ कॅपिटल करून बघतात, आणि ती बदलली नाही तर आधीपासूनच कॅपिटल होती असं धरतात. देवनागरी ओळ कधीच बदलत नाही. म्हणून 'आई कंदील घेऊन येते' हे पात्राचं नाव ठरतं आणि 'दारावर थाप पडते' हा त्याचा संवाद. दुसऱ्या जातीचे प्रोग्रॅम रोमन कॅपिटल अक्षरंच शोधतात. ती सापडत नाहीत, मग 'आई' आणि 'कोण आहे?' दोन्ही वर्णनात जाऊन पडतात. एकीकडे सगळेच पात्र, दुसरीकडे पात्रच नाही.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते पुढचं. एफडीएक्समध्ये 'हे पात्र' अशी नोंद स्पष्ट होती. फाउंटनमध्येही सोय आहे : नावाआधी @ लावलं की ते पात्रच, मग अक्षरं कशीही असोत. ही सोय मॅक्लेनसारख्या (McCLANE) आडनावातल्या एका लहान 'सी'साठी केलेली आहे. पण एफडीएक्सचं फाउंटन करणारा प्रोग्रॅम (कन्व्हर्टर) त्याच जुन्या चाचणीने ठरवतो की हे नाव कॅपिटलमध्येच आहे, @ची गरज नाही. हातात असलेली माहिती तो वाटेत टाकून देतो. फुकट असो की विकतचा, याला माफी नाही.

आता माझी पद्धत ठरली आहे. पात्रांची यादी करायची, आणि आख्ख्या ओळीत फक्त तेच नाव आहे अशा जागा शोधून @ लावायचं. कंसात 'व्ही.ओ.' (व्हॉइस ओव्हर, नुसता आवाज) असलेली नावं वेगळी शोधायची. सीन हेडिंगच्या आधी टिंब, कारण फाउंटनला आयएनटी-ईएक्सटी रोमनमध्येच कळतं, 'आत' आणि 'बाहेर' कळत नाही. एकापेक्षा जास्त ओळींच्या वर्णनाआधी उद्गारचिन्ह. एवढं केलं की वरचा सीन दोन्ही जातींच्या प्रोग्रॅममध्ये शाबूत राहतो. वेळखाऊ आहे, पण एकदाच करावं लागतं. नवीन सीन लिहिताना बोटं आपोआप @ कडे जातात.

दुसरी खोट बारीक आहे, पण नटाच्या तोंडी जाते. 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टाइप होतो : एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. काही कन्व्हर्टर अदृश्य चिन्हं कचरा समजून झाडून टाकतात. मग 'आचाऱ्याला बोलवा' या संवादात स्वयंपाक्याऐवजी आचार्य येतात. शब्द बरोबरच दिसतो, त्यामुळे शुद्धलेखन तपासणीतही सापडत नाही. मी रूपांतराआधी सगळीकडे नुक्त्याचा ऱ करून घेतो.

पानांचं थोडक्यात. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब बारा पॉइंटच्या कुरियर फॉन्टवर बेतलेला आहे आणि कुरियरमध्ये देवनागरी नाही. मुक्ता किंवा नोटोमध्ये ओळी उंच होतात, पानं वाढतात. निर्मात्याला मिनिटं सांगायची तर सीन मोठ्याने वाचून घड्याळ लावावं.

आजचं मत असं : प्रोडक्शनला द्यायला एफडीएक्स, कारण तिथे अंदाज नाही, नोंद आहे. स्वतःजवळ ठेवायला फाउंटन, पण प्रत्येक नावाला @ लावून. पाचाचे साडेतीन तारे केलेत. राहिलेला दीड तारा कन्व्हर्टर लिहिणाऱ्यांच्या हातात आहे : मूळ फाइलमध्ये पात्र म्हणून नोंद असेल आणि नावात रोमन अक्षर नसेल, तर न विचारता @ लावा. तमिळ, बांगला, उर्दूत लिहिणाऱ्यांचंही काम त्याच एका अटीने होईल. वर्गणी मात्र मी परत भरणार नाही.