सोळाशे वॅटचा खोका, वीस अँपिअरचा फ्यूज

शटर अर्धं ओढलेलं, गाडी बंद, आणि मोबाइलवरून एखादं ढोलाचं गाणं. अशा दुकानात मोटरसायकलला बसवायचा कुठलाही स्पीकर दणक्यात वाजतो, कारण चार भिंतींत बास घुमतो. मांजरसुंब्याच्या घाटात वाऱ्याच्या तोंडावर तो किती उरतो, ते पैसे देऊन झाल्यावर कळतं.

ही फसवणूक जालन्याच्या एका मालकाची. गाडी सेकंडहँड स्ट्रीट ग्लाइड, हार्ले-डेव्हिडसनची लांब पल्ल्याची मोटरसायकल. हार्लेच्या अशा टूरिंग गाड्यांच्या फेअरिंगमध्ये, म्हणजे हँडलपुढच्या प्लॅस्टिकच्या कवचात, 2013 पर्यंत सव्वापाच इंची स्पीकर येत, 2014 पासूनच्या घडणीत साडेसहा इंची बसतात. त्यांची गाडी जुन्या घडणीची, म्हणून मोठे बसवायचे होते. फेअरिंगमध्ये दोन, मागच्या बॅगांच्या झाकणांत दोन, एक चार चॅनलचा, म्हणजे चार स्पीकर वेगवेगळे चालवणारा अॅम्प (अॅम्प्लिफायर), मजुरीसकट 34 हजार. "मालक, पक्कं बिल घेतलं तर अठरा टक्के वाढतील," हे दुकानदाराचं वाक्य. तिथेच उठायला हवं होतं.

अॅम्पच्या खोक्यावर 1600 वॅट छापलेलं होतं. अॅम्पच्या अंगावर मात्र फ्यूज एकच, 20 अँपिअरचा. गाडी चालू असताना साधारण 14 व्होल्ट मिळतात. 20 गुणिले 14 म्हणजे 280 वॅट, एवढीच वीज तो अॅम्प सतत ओढू शकतो. क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणाऱ्या जातीचा अॅम्प असेल तर त्यातली ऐंशी टक्क्यांच्या आसपास स्पीकरपर्यंत जाते, म्हणजे चार चॅनलना मिळून सव्वादोनशेच्या आत, एकेका स्पीकरला 55 वॅट. हे वाईट नाही, फेअरिंगमधल्या स्पीकरला पुरतं. पण मग 1600 चे पैसे कशाचे? खोका उलटून आरएमएस आकडा, म्हणजे सतत मिळणारे खरे वॅट, शोधा. तो छापलेलाच नसेल तर फ्यूज बघून गणित करा, दुकानदारासमोरच.

स्पीकर बाहेरून झकास. मागे जाड रबरी टोपण, ते ओढून काढलं तर आत बशीएवढा दिसणारा मॅग्नेट प्रत्यक्षात डबीएवढा. जाळीवर तीन गोल, "थ्री-वे" म्हणून, म्हणजे जाड, मधल्या आणि बारीक आवाजाला वेगवेगळे स्पीकर. त्यातल्या एकाला वायरच नव्हती, नुसती प्लॅस्टिकची चकती. बासचा आवाज कमी करून, ट्रेबल वाढवून प्रत्येक ट्विटरला, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरला, कान लावला की हे कळतं. आणि कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, कागदाचा, कडेला फोम. गाडीवर पॉलिप्रॉपिलीनचा कोन आणि रबरी कड लागते. कागद पहिल्या पावसात फुगला, आणि आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हाने फोमचा भुगा व्हायला वेळ लागत नाही.

सगळ्यात घातक काम वायरचं होतं. या गाडीची बॅटरी सीटखाली आणि फेअरिंग हँडलबरोबर वळणारं. अॅम्पची पॉवर वायर बॅटरीपासून गाडीच्या मानेतून, म्हणजे हँडल वळतं त्या सांध्यातून, पुढे जाते आणि प्रत्येक वळणाला तिथे मुडपते. इथे शुद्ध तांब्याची, बारीक तारांची, साधारण 8 गेज जाडीची वायर हवी, आणि हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवलं तरी ती ताणली जाणार नाही एवढी ढील. या गाडीत तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची होती. वरून जाडजूड, कारण इन्सुलेशनच जाड. ब्लेडने एक तार खरवडली की आत चांदीसारखी निघते. अॅल्युमिनियम तांब्याच्या दोन तृतीयांशच्या आसपास वीज नेतं, आणि मुडपून मुडपून तारा एकेक तुटतात. उरलेल्या तारांवर भार येतो, वायर तापते. शिवाय बॅटरीपाशी फ्यूजच नव्हता. फ्यूज फक्त अॅम्पवर असेल तर मधली सगळी वायर उघडीच समजा. मानेत ती घासून फ्रेमला टेकली तर सीटखाली आग. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत लागतो, याला पर्याय नाही.

दुसरी तक्रार होती, सकाळी गाडी सुरू होत नाही. दुकानदार म्हणाला, बॅटरी बसली, नवी टाका. खरं कारण अॅम्पची रिमोट वायर, अॅम्पला चालू-बंद व्हायची खूण देणारी. ती थेट बॅटरीच्या प्लसला जोडलेली, त्यामुळे अॅम्प रात्रंदिवस जागा. चावी काढून मीटर लावला तर 0.9 अँपिअर जात होते. 28 अँपिअर-तासांची बॅटरी एवढ्यावर सव्वा दिवसात कोरडी होते, स्टार्टर त्याच्याही आधी नुसता टकटक करतो. ती वायर हेड युनिटच्या (गाडीच्या म्युझिक सिस्टिमच्या) रिमोटला किंवा चावीने चालू होणाऱ्या लाइनला जोडायची. नवी बॅटरी घेतली असती तर तीही महिन्याभरात गेली असती.

फेअरिंग जिगसॉने कापलेलं. सव्वापाचच्या जागी साडेसहा बसवायला अॅडॉप्टर रिंग मिळते, प्लॅस्टिक कापावं लागत नाही. कापलेल्या कडेला भेग जात होती आणि फटी एमसीलने बुजवल्या होत्या. फट राहिली की स्पीकरच्या मागची हवा पुढे येऊन बास खाते. त्यात एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवून बघा, प्लसला प्लस लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. एक बाहेर, दुसरा आत गेला तर दोघं मिळून बास मारतात. दुकानदाराने तो कमी पडलेला बास अॅम्पचा गेन वाढवून भरून काढला होता. गेन म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नव्हे, आत येणारा सिग्नल अॅम्पने किती पटीने वाढवायचा ते तो ठरवतो. 4 ओहमच्या स्पीकरला 50 वॅट द्यायचे तर स्पीकर सोडवून, टेस्ट टोन (एकसुरी चाचणीचा आवाज) लावून, मीटरवर सुमारे 14 एसी व्होल्ट येतील एवढाच गेन. हाय-पास, म्हणजे खालचा बास अडवणारा फिल्टर, 80 ते 100 हर्ट्झवर.

कंपनीचे काढलेले स्पीकर परत मागितले तर "भंगारात दिले." गाडी सोडायच्या आधी काढलेल्या प्रत्येक वस्तूची यादी कागदावर, सहीसकट घ्या. जुन्या गाडीला तेच सामान शोधताना घाम फुटतो.

पैसे यूपीआयने गेले होते आणि व्हॉट्सअॅपवर "1600 वॅट, वॉटरप्रूफ" असं लिहून आलं होतं, एवढाच पुरावा हाती राहिला. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तक्रारीआधी काहीही उचकटू नका. फ्यूज, खरवडलेली वायर, वायर नसलेला ट्विटर आणि कापलेली कड, सगळ्याचे फोटो गाडीच्या नंबरप्लेटसकट काढा.