बेल्सचा पिवळा खोका आणि भोपळा-सॉसेजचं स्टफिंग

नोव्हेंबर लागला की बॉस्टनच्या आसपासच्या दुकानांत सुक्या पावाच्या पिशव्यांशेजारी एक छोटा पिवळा खोका दिसायला लागतो. वर निळ्या टर्की पक्ष्याचं चित्र. हे बेल्स सीझनिंग, म्हणजे सुक्या पाल्याचा मसाला, मूळ बॉस्टनचं, १८६७ पासूनचं. माझ्याकडे गोड्या मसाल्याच्या बरणीशेजारी त्याला कायमची जागा आहे, आणि ती त्यानं टर्कीमुळे नाही, स्टफिंगमुळे, म्हणजे टर्कीबरोबर वाढतात त्या मसाला घालून भाजलेल्या पावामुळे मिळवली. टर्कीचं मला फारसं कौतुक नाही. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या अमेरिकन सणाच्या ताटात मी आधी हात घालते तो पावाच्या ट्रेमध्ये.

खोक्यात रोजमेरी, ओरेगानो, सेज, मार्जोरम, थाइम हा सुका सुगंधी पाला, शिवाय सुंठ आणि मिरी. मीठ नाही, आणि मला हेच सगळ्यात पटतं. सॉसेज खारट, विकतचा स्टॉक (मांस किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी) खारट. त्यात मसाल्यानंही मीठ आणलं असतं तर भोपळ्याचा गोडवा कुठच्या कुठे गेला असता. सासूबाईंनी खोका हुंगून विचारलं, "अगं, यात ओवा घालतात का?" घालत नाहीत, पण त्यांचं नाक बरोबर होतं. ओव्याला जो वास थायमॉलमुळे येतो, तोच थाइममध्येही असतो. तिखट लागेल या आशेनं मात्र घेऊ नका. मिरी मागून जाणवते, झोंबत नाही.

आता भोपळा. आपला लाल भोपळा चालतो, पण पाणी सोडतो आणि पावाचा लगदा होतो. बटरनट हा लांबट, फिकट सालीचा भोपळा घ्या. त्यातली 'वॉल्थम' ही जात तर इथलीच, बॉस्टनशेजारच्या वॉल्थम गावाच्या नावाची. लांब, जाड मानेचा निवडा. मानेत बिया नसतात, त्यामुळे चौकोनी तुकडे सरळ पडतात. तेल लावून ४०० अंश फॅरनहाइटला कडा तपकिरी होईपर्यंत भाजा. उकडू नका, मी हात जोडते.

सॉसेज पोर्कचं, आवरणातून काढून मोकळं परतायचं. इटालियन 'स्वीट' प्रकारात बडीशेप असते, ती भोपळ्याशी छान जमते. गोव्याचं चोरीस घालायचा मोह मलाही होतो, पण त्यातलं व्हिनेगर आणि मिरची या मसाल्याला बोलूच देणार नाहीत. चोरीस पावातच खावं, ते वेगळ्या दिवशी.

सॉसेज बाजूला काढून त्याच पातेल्यात लोणी, कांदा, सेलरी. कांदा मऊ झाला की बेल्स घालायचं, आणि इथेच सगळी गंमत आहे. खोक्यातला मसाला सुक्या पावावर नुसता भुरभुरला तर स्टफिंगला वाळक्या पाल्याची चव येते. लोण्यात अर्धा मिनिट परतला की सेज उमलतो, सुंठ पुढे येते. अर्धा किलो पावाला दोन छोटे चमचे, सपाट. त्याहून जास्त घातलं तर सेज कडवट, औषधी लागायला लागतो. 'थोडं अजून' ही आपली सवय इथे आवरायची.

पाव आदल्या दिवशीचा, तुकडे करून ओव्हनमध्ये कडक वाळवलेला. त्यावर कोमट स्टॉक, एक फेटलेलं अंडं, मग भोपळा हलक्या हातानं. ट्रे झाकून ३५० अंशांना अर्धा तास, मग उघडा ठेवून वरचा थर कुरकुरीत होईपर्यंत. मधोमध थर्मामीटर १६५ अंश दाखवायला हवा. अंडं आणि मांस आहे, अंदाजावर सोडू नये.

सासूबाईंसाठी एक छोटा ट्रे वेगळा: सॉसेजऐवजी मशरूम, भाज्यांचा स्टॉक, अंडं नाही. मसाला तोच आणि तेवढाच. खरं सांगायचं तर बेल्सची पारख याच ट्रेमध्ये होते, कारण इथे त्याला मांसाचा आधार नसतो. तो टिकतो. मशरूमबरोबर मार्जोरम तर जास्तच कळतो. मीठ मात्र आठवणीनं घाला.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण मी सेजपायी राखून ठेवला. ज्याला तो वास मुळात आवडत नाही, त्याला हा खोका काही पटवू शकणार नाही. उघडल्यावर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा आणि पुढच्या नोव्हेंबरपर्यंत सांभाळत बसू नका. बटाट्याच्या पॅटिसमध्ये, नाहीतर चिकन सूपमध्ये चिमूटभर घालून संपवून टाका.