कागदावर १८२ हॉर्सपॉवर, इंजिनात दाब शून्य

सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा ढकलणारं यंत्र) बसवून गाडीची ताकद दुप्पट करतो, तीच गाडी ट्रॅकवर पळवा आणि तीच रस्त्यावरही चालवा, आरसीवर चढवून द्यायची जबाबदारी आमची, असं कोणी सांगत असेल तर इसार देण्याआधी हे पूर्ण वाचा. माझे ३ लाख ८५ हजार रुपये गेले आहेत. मी वरुड तालुक्यातला संत्रा उत्पादक. हा पैसा अंबिया बहाराचा होता.

गाडी २००४ ची मारुती एस्टीम. ज्यांना हे वेड आहे त्यांना एस्टीमच का, हे सांगावं लागत नाही. १२९८ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, कंपनीच्या आकड्याप्रमाणे ८५ हॉर्सपॉवर आणि वजन पावणेनऊशे किलोच्या आसपास. हलकी गाडी आणि फिरायला उतावीळ इंजिन. म्हणूनच देशातल्या रॅलींमध्ये ती वर्षानुवर्षं धावली. माझी इच्छा साधी होती. घरच्या वापराची गाडी थोडी धारदार करायची आणि वर्षातून एकदा तरी कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर नाहीतर मद्रासच्या सर्किटवर न्यायची. खेड्यातल्या माणसालाही इंजिनाचं वेड असतं, आणि आम्ही ते ट्रॅक्टर, बोअरचा पंप, फवारणीचं ब्लोअर असं सगळं हातानं खोलून जोपासलेलं असतं.

फसवणारा मोठ्या शहरातला वर्कशॉपवाला. त्याच्या रील्समध्ये बॉनेटखाली चकाकणारा सुपरचार्जर आणि त्याची ती शिट्टीसारखी किंचाळी. फोनवर गोड. ‘दादा, तुमच्यासारखी समजदार गिऱ्हाइकं कमी मिळतात,’ इथून सुरुवात. बोलता बोलता त्यानं विचारलं, ‘बगीचा विकला का या वर्षी?’ आमच्या भागात पैसा कधी हातात येतो हे त्याला माहीत होतं. पुढे चौकशी केली तेव्हा कळलं की हिंगणघाटकडच्या एका कापूसवाल्या पोरालाही त्यानं सीतादहीच्या, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीच्या सुमारासच फोन केला होता.

पैसे त्यानं चार टप्प्यांत काढले. इसार १ लाख २० हजार. मग ‘माल न्हावा शेवाला कस्टममध्ये अडकला, ड्युटी भरावी लागेल’ म्हणून ६५ हजार, तेही एका बाईच्या नावच्या यूपीआयवर. मग जास्त दाब झेलणारे फोर्ज्ड पिस्टन, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर आणि वेगळा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) यांचे १ लाख ६० हजार. शेवटी आरसीवर नोंद करून देण्याचे ४० हजार.

कस्टमचं आधी सांगतो, कारण ही थाप जुनी आहे आणि आजही खपते. परदेशातून माल आला की बिल ऑफ एंट्री नावाचा कागद होतो. त्याला नंबर, तारीख आणि बंदराचं नाव असतं, आणि ते टाकून कस्टमच्या आइसगेट या सरकारी संकेतस्थळावर त्याची स्थिती कोणालाही बघता येते. ड्युटी सरकारी चलनानं भरली जाते, कोणाच्या खाजगी यूपीआयवर कधीच नाही. मला आलेल्या फोटोत नेमका तो नंबर बोटाखाली झाकलेला होता. मी नंबर मागितला तेव्हा ‘एजंटकडे आहे’ असं उत्तर आलं, आणि दुसऱ्या दिवशी ‘माल सुटला’ म्हणून मेसेज.

गाडी आली ती देखणी आली, हे कबूल केलंच पाहिजे. इंजिनाच्या बाजूला ईटनचा एम४५ सुपरचार्जर, नवा पट्टा, नवी पुली. हे यंत्र खरंच चांगलं आहे. २००२ ते २००६ च्या मिनी कूपर एसमध्ये कंपनीनंच ते बसवलं होतं. आत दोन रोटर एकमेकांत फिरतात आणि इंजिनाच्या क्रँकवरून पट्ट्यानं ओढ घेऊन हवा पुढे ढकलतात. एका फेऱ्यात सुमारे पाऊण लिटर. हवा इंजिन घेईल त्यापेक्षा जास्त आली की मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, दाब वाढतो, त्यालाच बूस्ट म्हणतात. अॅक्सिलरेटर दाबला की शिट्टी वाजायची, गावातली पोरं गोळा व्हायची. पण गाडी पळत नव्हती. चढावर तर पूर्वीपेक्षा जड वाटत होती. वर्कशॉपवाल्याला फोन केला तर म्हणे, ‘दादा, ईसीयू शिकतोय अजून, हजार किलोमीटर चालवा.’

आमच्या गावाजवळ एक मिस्त्रीकाका आहेत. आयुष्य ट्रॅक्टर आणि डिझेल इंजिनात गेलं. त्यांनी बॉनेट उघडून कान दिला आणि म्हणाले, ‘भाऊ, हे त नुसतंच बोंबलून राह्यलं. दाब हाये का नाही ते पाहू ना आपण.’ बूस्ट मोजायचा मीटर आमच्याकडे नव्हता. डॅशबोर्डवर वर्कशॉपवाल्यानं एक बसवला होता, पण त्याची नळी मागे कुठेच जोडलेली नव्हती. काकांनी माझ्याच शेतातल्या ठिबकच्या सँड फिल्टरवरचा प्रेशर मीटर काढून आणायला लावला. शून्य ते चार किलोचा, आपल्या सगळ्यांच्या बगीच्यात असतो तोच. मॅनिफोल्डवर जिथे ब्रेक बूस्टरची नळी जाते तिथे टी लावून मीटर जोडला आणि नळी खिडकीतून आत घेतली. जिनिंगच्या बंद आवारात मालकाला विचारून दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबून गाडी पळवली. सात पीएसआय बूस्ट असता तर काटा अर्ध्या किलोपर्यंत यायला हवा होता. काटा खुंटीवरून हलला नाही. शिट्टी मात्र पूर्ण जोरात.

मग काकांनी सुपरचार्जरच्या मागे हात घातला. या यंत्राला बायपास व्हॉल्व्ह असतो. गाडी सावकाश चालत असताना जास्तीची हवा परत मागे वळवायला ती एक छोटी झडप असते आणि पूर्ण अॅक्सिलरेटर दिला की ती बंद व्हायची असते. इथे ती बायंडिंग तारेनं उघडीच बांधून टाकली होती. दोन वेढे, पक्कडीनं पिळलेले, वर काळा रंग मारलेला. हवा गोल गोल फिरून परत सुपरचार्जरमध्येच येत होती. इंजिनाला मिळत होतं ते नेहमीचंच, उलट पट्ट्याचा भार वाढलेला. ‘त्यानं तं तार बांधून ठेवली ना जी,’ एवढंच काका बोलले.

त्यानं असं का केलं हे समजून घ्या, कारण सगळी लबाडी तिथे आहे. नुसती हवा वाढवून चालत नाही, त्या प्रमाणात पेट्रोल वाढावं लागतं. मूळ इंजेक्टर तेवढं पेट्रोल देऊ शकत नाहीत. मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मूळ मॅप सेन्सरला बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाब वाचताच येत नाही. वर पेट्रोल आपल्या पंपावरचं साधंच. अशा इंजिनात खरोखर बूस्ट सोडला तर मिश्रण पातळ होतं, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसणं) सुरू होतं आणि पिस्टनला भोक पडतं. तसं झालं असतं तर मी दोन दिवसांत त्याच्या दारात उभा राहिलो असतो आणि आरसीचे ४० हजार त्याला मिळाले नसते. म्हणून त्यानं मला आवाज विकला आणि दाब बांधून ठेवला. इंजेक्टर बाहेर काढले तर जुनेच, वरच्या रिंगला निळा रंग दिलेला. ईसीयू मूळचाच, त्यावर स्टिकर. व्हॉल्व्ह कव्हर काढलं तर हेडच्या बोल्टवर वर्षानुवर्षांचा तेलाचा काळा थर जसाच्या तसा. हेड उघडलंच नव्हतं, मग पिस्टन कुठून बदलणार? सुपरचार्जरही भंगारातला होता, रोटरवरचा थर घासलेला आणि पुलीमागचा कपलर खडखडत होता.

आता डायनोच्या, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या मशीनच्या कागदाबद्दल. हा भाग नीट वाचा, कारण हे घरबसल्या तपासता येतं आणि यासाठी गाडी उघडावी लागत नाही. मला त्यानं रंगीत शीट दिली होती: ६२०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) १८२ हॉर्सपॉवर. खाली टॉर्कची, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या जोराची रेघ, सर्वात जास्त १५८ न्यूटन मीटर. हॉर्सपॉवर हा वेगळा मोजलेला आकडा नसतोच, तो टॉर्कवरून निघतो. न्यूटन मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७१२१. बस. एस्टीमचे कंपनीचे आकडे घाला: ८५ हॉर्सपॉवर ६००० ला, म्हणजे तिथे टॉर्क सुमारे १०१. कंपनी सांगते सर्वाधिक ११०, तोही ४५०० ला. हिशोब जुळला. आता माझी शीट. ६२०० ला १८२ हॉर्सपॉवर हवे असतील तर तिथे टॉर्क २०९ लागतो. आणि शीटवर अख्ख्या रेघेत १५८ च्या वर काही नाही! १५८ वर १८२ काढायचे तर इंजिन ८२०० च्या पुढे फिरवावं लागेल. म्हणजे ती रेघ कुठल्या मशीननं काढलेलीच नव्हती, कोणीतरी संगणकावर ओढली होती. अमेरिकी शीटवर टॉर्क पौंड-फूटमध्ये असतो. तिथे दोन्ही रेघा एकाच मोजपट्टीवर असतील तर त्या ५२५२ आरपीएमला एकमेकींना छेदल्याच पाहिजेत. छेदत नसतील तर कागद खोटा. शिवाय वर्कशॉपमधला डायनो साधारणपणे चाकांवर मोजतो, आणि त्याच्या खऱ्या शीटवर गाडीचा नंबर, तारीख, हवेचं तापमान असतं. माझ्या शीटवर यातलं काही नव्हतं.

एवढंच नाही, ८५ चे १८२ हा दावाच तोंडी हिशोबात बसत नाही. बाहेरच्या हवेचा दाब साधारण एक बार. त्यावर अर्धा बार बूस्ट म्हणजे फार तर दीडपट हवा, आदर्श स्थितीत १२७ हॉर्सपॉवर. त्यातूनही सुपरचार्जर फिरवायला इंजिनाचीच ताकद जाते आणि दाबलेली हवा तापते म्हणून इंटरकूलर लागतो. दुपटीच्या पुढे जायचं तर एक बारहून जास्त बूस्ट हवा, आणि तो झेलायला आतलं सगळं बदलावं लागतं. जो माणूस किती बूस्ट, कोणतं पेट्रोल, कोणते इंजेक्टर हे न सांगता थेट हॉर्सपॉवर सांगतो, त्याच्यापासून लांब राहा.

आरसीचं आश्वासन तर सरळ सरळ खोटं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मालकाला असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘आरटीओत आपली ओळख आहे’ म्हणणारा सुपरचार्जर आरसीवर चढवू शकत नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल हेही डोक्यात ठेवा. एस्टीम पंधरा वर्षांवरची, तिला दर पाच वर्षांनी पासिंग. अशा अवस्थेत ती तिथे उभीच राहणार नाही. ट्रॅकची गाडी करायचीच असेल तर ती ट्रॅकचीच करा, ट्रेलरवरून न्या. स्पर्धेत उतरायचं असेल तर त्याचे परवाने आणि तपासणीचे नियम एफएमएससीआय या देशातल्या मोटर स्पोर्ट्सच्या महासंघाकडे आहेत, त्यांना आधी विचारा. रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला चालेल अशी दुप्पट ताकदीची जुनी गाडी कायद्यानं कोणी देऊ शकत नाही, म्हणजे ही जाहिरात पहिल्या शब्दापासूनच फसवी आहे.

जीएसटी नंबरही तपासा. तो पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की धंद्याचं नाव दिसतं. माझ्या कोटेशनवरचा नंबर भलत्याच माणसाच्या मंडप-डेकोरेशनच्या धंद्याचा निघाला.

आता पुढचं. वर्कशॉपवाल्यानं आधी ‘गाडी परत आणा, बघतो’ म्हटलं आणि मग नंबर बंद. मी गाडी परत पाठवली नाही, आणि तुम्हीही पाठवू नका, कारण तोच एकमेव पुरावा असतो. तार काढली नाही. ती दिसेल असे फोटो आणि मीटरच्या काट्याचा व्हिडिओ घेतला, मिस्त्रीकाकांकडून सहीनिशी लिहून घेतलं. पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर मिळालं की हा देण्याघेण्याचा वाद आहे, त्या शहरात जा. ते मानायचं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते, आणि नोंदवून घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येते. मी रजिस्टर पोस्टानं पाठवली, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लिहून, आणि त्यानंतर ती नोंदली गेली. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. जितका उशीर तितके ते पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

ग्राहक आयोगाची वाट मला सगळ्यात उपयोगी वाटली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. म्हणून माझं प्रकरण अमरावतीला दाखल आहे, वर्कशॉपवाल्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेला फी नाही. मुदत दोन वर्षं. सल्ल्यासाठी १९१५ ही हेल्पलाइन आहे. त्याला नोटीस लागली आहे, पुढच्या तारखेला त्याचं म्हणणं यायचं आहे.

हिंगणघाटकडच्या पोराची गाडी अजून त्याच वर्कशॉपमध्ये आहे आणि वर्कशॉपवाला तिसऱ्या टप्प्याच्या पैशांसाठी त्या पोराच्या मागे लागला आहे. मी त्याला डायनो शीट मागायला सांगितलं. ती कालच आली. तुमच्याकडेही अशी शीट आली असेल तर टॉर्क, आरपीएम आणि ७१२१ घेऊन आजच बसा, आणि हिशोब जुळेपर्यंत पुढचा रुपया देऊ नका.