बर्फघर उत्तम, फलक मात्र बदलावा

मे महिन्यातील एका शनिवारी पश्चिम उपनगरातील एका मॉलच्या बर्फघरात सहकुटुंब जाण्याचा योग आला. पाऊण तासाच्या तिकिटात कोट, हातमोजे आणि गमबूट मिळतात. पायमोजे मात्र घरून न्यावेत, अन्यथा खिडकीवर विकत घ्यावे लागतात. कोटांना दमट वास होता. तरीही घसरगुंडी झकास आहे, आणि घामाने निथळणाऱ्या मुंबईकराला उणे पाच अंशांत उभे राहण्याचे जे सुख लाभते, त्याविषयी कुरकुर करणे कृतघ्नपणाचे ठरेल.

तक्रार आहे ती ‘ध्रुवीय प्राणी’ या कोपऱ्याविषयी. तेथे पांढरे अस्वल आणि एम्परर पेंग्विन एकाच हिमखंडावर शेजारी उभे केले आहेत. वास्तविक एक आर्क्टिकचे, तर दुसरा अंटार्क्टिकाचा रहिवासी. ही चूक सजावट म्हणून एक वेळ पोटात घालता येईल. पण ‘तापमानवाढीमुळे या प्राण्यांना उकडते’ हे फलकावरील वाक्य, आपल्याला चटकन पटत असल्यामुळेच, खरा प्रश्न झाकून टाकते. अस्वलाला समुद्रावरचा बर्फ हवा असतो तो मुख्यतः शिकारीसाठी, कारण श्वास घ्यायला बर्फातील छिद्रांशी येणारे सील ते तेथेच दबा धरून पकडते. कॅनडातील हडसन उपसागरात उन्हाळ्यात बर्फ वितळला, की पाणी पुन्हा गोठेपर्यंत अस्वले किनाऱ्यावर जवळजवळ उपाशी राहतात, आणि हा उपास आता लांबत चालला आहे. उपसागराच्या पश्चिम भागात २०१६ साली त्यांची अंदाजित संख्या ८४२ होती, ती २०२१ मध्ये ६१८ झाली. अर्थात काही अस्वले शेजारच्या भागात सरकली असण्याचीही शक्यता आहे.

पेंग्विनाचे दुखणे निराळे. किनाऱ्याला चिकटलेला समुद्री बर्फ हेच त्याचे बाळंतघर असते, आणि पिलांना पाणी न शिरणारी पिसे येण्यापूर्वी हा बर्फ फुटला तर पिले बुडतात किंवा गारठून मरतात. २०२२ साली अंटार्क्टिकाच्या बेलिंग्सहाउसन समुद्रालगतच्या पेंग्विनांच्या पाच ज्ञात वसाहतींपैकी चार वसाहतींत बर्फ असाच अकाली नाहीसा झाला आणि बहुधा एकही पिलू वाचले नाही.

मुलीने हे सारे ऐकून घेतले आणि पुन्हा घसरगुंडीकडे धाव घेतली. अभिप्रायाच्या वहीत मी फलकासाठी दोन ओळींचा मजकूर लिहून दिला आहे. बाहेर पडताना मागील वाहनतळावर शीतयंत्रांचा गरम झोत अंगावर येतो, त्यामुळे गाडी पुढच्या बाजूस लावावी.