कौटुंबिक हिंसाचार कायद्याची मराठी पुस्तिका: आधी कलम 2 उघडून बघा

नऊ वर्षं मी तालुक्याच्या महिला समुपदेशन केंद्रात बसते. येणाऱ्या बायकांना कायदा मराठीतच वाचायचा असतो. म्हणून कोर्टाजवळच्या स्टॉलवरून कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 ची ही खिशात मावणारी पुस्तिका घेतली. किंमत 90 रुपये, मुखपृष्ठावर ‘सुधारित आवृत्ती’.

टाइप मोठा, बांधणी पक्की आणि मराठी खरंच नेटकं. कलम 2 मधल्या व्याख्यांत ‘म्हणजे’ कुठे आणि ‘यात समावेश होतो’ कुठे, हे भाषांतरकाराने जपलंय. ‘म्हणजे’ आलं की व्याख्या तिथेच बंद होते, ‘समावेश’ आला की यादीबाहेरचंही आत येऊ शकतं. घाईच्या भाषांतरात हा फरक पुसला जातो.

पण गेल्या मंगळवारी साठीच्या एक बाई आल्या. मुलीने त्यांना घराबाहेर काढलेलं. त्यांनी ‘उत्तरवादी’च्या, म्हणजे अर्ज कोणाविरुद्ध करता येतो त्याच्या, व्याख्येवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “ताई, इथं तर प्रौढ पुरुष लिहिलंय. मग लेकीवर अर्ज चालायचा नाही का?” माझ्या पोटात गोळाच आला. हे शब्द सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्येच हरसोरा खटल्यात रद्द केलेत. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातूनच वर गेलेलं, आणि त्यातही तक्रार मायलेकींची होती, मुलगा, सून आणि दोन मुलींविरुद्ध. पुस्तिकेत त्याची एका ओळीचीही टीप नाही.

‘सामाईक घर’, म्हणजे ज्या घरात राहण्याचा हक्क बाईला मागता येतो ते, या व्याख्येखाली टीप आहे, पण 2006 च्या बत्रा निकालाची. म्हणजे घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असेल तर सुनेचा तिथे राहण्याचा हक्क नाही. सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात 2020 साली तिघा न्यायमूर्तींच्या पीठाने हा अर्थ चुकीचा ठरवला. सासऱ्यांच्या नावावरचं घरही सामाईक घर ठरू शकतं. मात्र तिथलं राहणं काहीसं स्थिर हवं, चार दिवस पाहुणी म्हणून राहून भागत नाही. ‘घर मामंजींच्या नावावर आहे’ हे वाक्य केंद्रात मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतं. त्या प्रत्येकीला ही टीप वाचून वाटणार, आपलं काही चालणार नाही.

प्रकाशकांना पत्र पाठवलंय. तोवर आमच्या प्रतीत त्या दोन पानांवर मी हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्यात. तुम्ही घेणार असाल तर स्टॉलवर उभ्याउभ्याच ‘उत्तरवादी’ काढा. ‘प्रौढ पुरुष’ तसंच असेल आणि खाली 2016 च्या निकालाची टीप नसेल, तर पुस्तिका परत ठेवा.