इंग्रजी साहित्याच्या ‘खात्रीच्या नोट्स’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

घरात आयसीएसईचं दहावीचं मूल असेल तर हे जरूर वाचा.

माझी मुलगी मुलुंडला शिकते. पूर्वपरीक्षेच्या तोंडावर तिला इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली: ‘ट्रेझर चेस्ट’ या इंग्रजी साहित्याच्या पाठ्यपुस्तकातल्या सगळ्या गोष्टींच्या नोट्स, तयार उत्तरं आणि हमखास येणारे प्रश्न, फक्त ४९९ रुपयांत. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणारा माणूस स्वतःला दादरच्या क्लासचा सर म्हणवत होता. ‘ताई, निश्चिंत राहा, ८० पैकी ७५ कुठे गेले नाहीत,’ असं मला म्हणाला. क्यूआर कोडवर पैसे भरले आणि पीडीएफ आली. पानापानावर मुलीचं नाव आणि माझा मोबाइल नंबर. कॉपी होऊ नये म्हणून, असं कारण दिलं.

मुलीने आधी ‘द गर्ल हू कॅन’ काढली. घानाच्या लेखिका आमा आटा आयडू यांची ही बालपणाची गोष्ट. सात वर्षांची अजोआ ती सांगते. तिचे पाय काडीसारखे आहेत आणि आजीला, म्हणजे नानाला, त्याचा घोर लागलाय. बाईचे पाय कमरेला पेलतील असे हवेत, नाहीतर मुलं कशी होणार? पुढे त्याच पायांनी पोर शर्यती जिंकते आणि नाना तो चषक तान्ह्या बाळासारखा पाठीवर घेऊन घरी येते. पुस्तक वाचलेल्या कुठल्याही मुलाला हे विसरता येणार नाही. नोट्समध्ये मात्र चषक आईच्या हातात होता, आणि गावातले एक गुरुजी अजोआला धावायला शिकवत होते. असे गुरुजी गोष्टीत नाहीतच.

याहून वाईट होती ती अवतरणं. प्रत्येक उत्तरात दोन-तीन वाक्यं अवतरणचिन्हांत, ‘मूळ पाठातील ओळी’ म्हणून. मुलगी ती पाठ करायला बसली होती. पुस्तक शेजारी ठेवून आम्ही दोघींनी एकेक ओळ शोधली, निम्म्याहून जास्त सापडल्याच नाहीत. कुणीतरी रचून घातली होती. मला सर्वांत जास्त राग याचाच आला. पैसे परत मिळवता येतात, पण खोटी ओळ पाठ झाली की परीक्षेत तीच आधी आठवते. आणि मोठ्यांची काळजी, त्यांचे टोमणे लहान मुलीला कसे दिसतात, हे त्या गोष्टीत इतकं सुंदर आलंय. त्यातलं नोट्समध्ये काही नव्हतं.

पैसे परत मागितले. त्याने नवा क्यूआर पाठवला, ‘स्कॅन करून पिन टाका, रिफंड येईल.’ यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. मी नकार दिल्यावर भाषा बदलली. ३००० रुपयांत बोर्डाचा ‘खरा पेपर’ देतो म्हणाला. तोही नको म्हटल्यावर थेट धमकी: पीडीएफवर तुमच्या मुलीचं नाव आहे, तिने पेपर विकत घेतला असं शाळेला कळवतो. पानांवर नाव छापण्यामागचा हेतू तेव्हा उघड झाला. पोर रात्रभर रडली.

दुसऱ्या दिवशी तिच्या इंग्रजीच्या टीचरना सगळं दाखवलं. त्यांनी मुख्याध्यापकांना लगेच कळवलं, त्यामुळे धमकीत दम उरला नाही. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. चॅट, व्यवहाराचा क्रमांक, क्यूआरचा फोटो, काहीही पुसू नका. तिथे हेच मागतात. १९३० ला जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त. यजमान सांगितलेल्या पत्त्यावर, दादरच्या हिंदू कॉलनीत जाऊन आले. वॉचमन म्हणाला, असा क्लास या बिल्डिंगमध्ये नाही.

टीचरनी आणखी एक सांगितलं, ते मला आधी ठाऊक नव्हतं. नमुना प्रश्नपत्रिका आयसीएसईची परीक्षा घेणाऱ्या काउन्सिलच्या वेबसाइटवर फुकट असतात. मागच्या परीक्षांत मुलं कुठे चुकली आणि उत्तरात काय अपेक्षित होतं, याचा विषयवार अहवालही तिथेच मिळतो. मुलगी आता त्यावरून तयारी करतेय. उत्तरातली प्रत्येक ओळ पुस्तकातून स्वतः उतरवते.

आमचे पैसे अजून आलेले नाहीत. तो नंबर बंद झालाय, पण तीच जाहिरात, तेच ४९९ रुपये, दुसऱ्या नावाने या आठवड्यात पुन्हा दिसली. या वेळी बारावीच्या मुलांसाठी.