ग्राफिक डिझाइनचा वर्ग : मुलीच्या प्रकल्पांवरून दिसलेला

छत्रपती संभाजीनगरात माझी मुलगी ज्या ग्राफिक डिझाइनच्या वर्गात शिकते, त्याची पारख मी तिच्या प्रकल्पांवरून करतो. पैठणीच्या पदरावरील बांगडी मोर आणि नारळी काठ यांवरून तिने साडीच्या खोक्याची सजावट केली. शिक्षकांनी नक्षी आयती उचलू न देता आधी चौकटीच्या कागदावर हाताने काढायला लावली आणि मगच इलस्ट्रेटर या चित्रे काढायच्या संगणक-प्रणालीत व्हेक्टर रेषांत (कितीही मोठ्या केल्या तरी न फाटणाऱ्या रेषांत) उतरवून घेतली, त्यामुळे विणकामातला पायऱ्यापायऱ्यांचा घाट नक्षीत टिकून राहिला आहे. हे मला फार मोलाचे वाटते.

मराठी अक्षररचनेकडेही येथे गांभीर्याने पाहिले जाते. वेरूळच्या लेण्यांवरील भित्तिपत्रकासाठी तिने ‘मुक्ता’ हा मुक्त परवान्याचा (कोणालाही मोफत वापरता येणारा) टंक, म्हणजे फॉन्ट, वापरला, तेव्हा अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेखा तुटते, हे शिक्षकांनी प्रत छापून दाखवले. भेटकार्डे आणि माहितीपत्रके नेहमीसारखीच आहेत.

छपाईचे शिक्षण मात्र अपुरे आहे. पडद्यावर आरजीबीत (लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाच्या रंगपद्धतीत) झळाळणारा निळा रंग सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत) छापल्यावर मंद होतो, हे मुलांना प्रकल्प संपल्यावर कळते. छापखान्याची भेट सत्राच्या आरंभीच ठेवावी, अशी विनंती मी केली आहे.